एकदा दिलेलं नाव

"पुन्हा तेच केलंत," पूर्वी मॅडम म्हणाल्या.

ललितने कपाळाला हात लावला. शनिवारचे अकरा वाजले होते. रसायनांच्या पिंपांची लेबलं त्याचा पायथनमधला प्रोग्राम तीन वर्षं बिनतक्रार छापत होता. पण महिन्यापूर्वी मॅडमनी फर्मान काढलं, आता सगळं हास्केल नावाच्या दुसऱ्या संगणकी भाषेत. ते चालल्याशिवाय ललितच्या रजेवर सही नाही. आणि उद्या उमरोळीला त्याचं लग्न! मॅडमची स्वतःची पंधरा दिवसांची रजा मात्र केव्हाच मंजूर झाली होती.

"पिंपासकट भरलं ते 'वजन'. रिकामं पिंप वजा केलं, तेही 'वजन'च?" ऑफिसात मॅडम सगळ्यांनाच अहो-जाहो करत. "पायथन खपवून घेतं. इथे एकदा नाव दिलं की दिलं."

खरंच, प्रोग्राम आपलीच शेपटी धरून गरगर फिरत बसला होता. ललितने मनात चार शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या वजनाला 'निव्वळ' असं वेगळं नाव दिलं. बाराला लेबल छापून बाहेर आलं. मॅडमनी चक्क हसून पेन उघडलं.

तेवढ्यात ललितच्या आईचा फोन आला. मंगलाबाईंचा आवाज असा, की माकुणसारच्या घरून फोनशिवायही ऐकू यावा.

"अरे, गुरुजी इचारतात, ताटात सुनेचं नाव काय लिवायचं? मी लतिका सांगितलंय. ललित-लतिका! चांगलं हाय ना?"

"तुला आवडेल ते ठेव गं," ललित घाईघाईने म्हणाला.

मॅडमनी पेन मिटलं.

"नियम डोक्यात शिरलेला दिसत नाही. दहा वेळा लिहून काढा."

"शाळेतल्यासारखं?"

"शाळेतल्यासारखं."

मॅडमचं एकाएकी काय बिनसलं ते त्याला कळेना. पण अडला हरी! 'एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही,' त्याने निमूटपणे दहा वेळा लिहिलं. तेव्हा कुठे सही मिळाली.

रविवारी मांडवात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे सरकवलं. ललितने अंगठी हातात घेतली.

"लिव रे, लतिका!" मागून आई म्हणाली.

अंगठी तांदळावर थबकली. शेजारी नवरी मान खाली घालून बसली होती. मुंडावळ्यांआडून ती हळूच पुटपुटली, "दहा वेळा लिहून घेतलंय."

ललितने तांदळात ठळक अक्षरांत लिहिलं: पूर्वी.