चला, येतो

सुट्टीत कुठं जायचं यावरून घरात नुसता घोळ चालला होता, म्हणून नणंदेनं तळ्याचा तो व्हिडिओ पाठवला. निळंशार पाणी, वर धुकं. नजर हटत नव्हती. बोलणारा माणूस मात्र कुठंच दिसला नाही. शेवटी तो आपुलकीनं म्हणाला, "चला, येतो."

सासूबाई खूश. "बघ, 'जातो' नाही म्हणाला. चांगलं वळण आहे हो पोराला!"

दुपारी त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. या वेळी तळ्यानंतर हमरस्ता लागला. मग आमच्या कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. "चला, येतो."

मी आतल्या खोलीत जाऊन नणंदेला फोन लावला. ती हसलीच. "काहीतरीच काय वहिनी, त्यात नुसतं तळं आहे!"

फोन ठेवला आणि व्हिडिओ आपोआप सुरू झाला. आमची गच्ची, मी सकाळी वाळत घातलेली चादर. जिना. दाराबाहेर माझी तुटक्या पट्ट्याची चप्पल.

या खेपेला तो 'येतो' म्हणालाच नाही.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगंबाई, आलातसुद्धा? बसा ना."