पाणी जिथं थांबतं

स्विमिंग पूल गळत असला, तर पाणी गळतीच्या जागेपर्यंत उतरतं आणि थांबतं. म्हणून मॅडमना मी दोन दिवस पूल भरू नका म्हणून सांगितलं होतं. आज पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलेलं दिसलं, पण तिथल्या फरश्या ठणठणीत होत्या. साधी भेगसुद्धा नाही!

आत उतरून बोटांनी चाचपत गेलो. एका फरशीवर जांभळ्या नेलपॉलिशची रेघ होती आणि पाणी बरोब्बर तिला टेकलेलं.

काठावर मॅडमच्या लहानग्या ओवीला कडेवर घेऊन तिला सांभाळणाऱ्या अनसूयाबाई उभ्या होत्या. पोरीची नखं जांभळी.

"बाई, ही रेघ कसली?"

"ओवीच्या छातीएवढी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मॅडम ऑफिसला गेल्या की ही पाण्यात उडी मारते. मला कुठं पोहता येतंय? मग मागचा कॉक उघडून रेघेपर्यंत पाणी सोडून देते."

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "सापडली का हो गळती?"

बाईंनी ओवीला घट्ट धरलं.

"पूल चांगला आहे, मॅडम," मी म्हणालो. "अनसूयाबाईंना तेवढं पोहायला शिकवा."