सिंकखालचा आवाज

नवी लाकडी फरशी कोरडी राहिली तर देवयानीकडून वर्षभर कौतुक, असा हिशेब मांडून उन्मेषने न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये सिंकखाली गळती ओळखणारा सेन्सर बसवला. थेंबभर गळलं तरी तो ओरडणार, आणि हौस दांडगी म्हणून तेही उन्मेषच्याच आवाजात: "पाणी! पाणी!"

सोमवारी दोघंही ऑफिसला गेल्यावर पाइप जरासा पाझरला. घरी फक्त स्वयंपाकाच्या बंगाली मावशी, मिनतीमासी. संध्याकाळी नवरा-बायको परतले, तर स्वयंपाकघरात तळं, फरशी फुगलेली आणि मासी सिंकसमोर हातात पाण्याचा जग घेऊन घामाघूम.

 

"दादा, तुम्ही रोज जेवताना बसल्या जागेवरून ओरडता ना, अगदी तसंच ओरडत होतं हो. सात जग पाजले, तरी तहान भागेना!"