वरून अख्खी तार

"तुझ्या बायला विचार, कुठं बंद पडते," मिस्त्री बॉनेटमध्ये वाकूनच म्हणाला.

बाय, म्हणजे जमनाबाई, तिथंच मडगार्डला टेकून उभ्या होत्या.

"चिंतू, सांग त्यांना. चढावर. पाय दाबला की."

"मी काय पोस्टमन हाय?" चिंतू हसला. तो मनोरचा. जमनाबाईंच्या अँबॅसिडरवर ड्रायव्हर म्हणून नुकताच लागलेला. तारापूरची माणसं त्याला अजून नवी होती.

गाडी जुनी, मासळी विकून घेतलेली. उद्या जमनाबाईंच्या शकूचं लग्न. नवरी याच गाडीतून जाणार. वाटेत थांबली तर अपशकुन. सासरच्या बाया जन्मभर तेच उगाळणार. बोईसरच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले, म्हणून आज बेटेगाव नाक्यावरचा हा मिस्त्री.

बॅटरी. ठीक.

कॉइल. ठीक.

इंजिन चालू केलं. कुरकुर नाही, धक्का नाही.

"उभी असली की नाटक नाय करत," चिंतू म्हणाला. "माणसासारखीच हाय. चारचौघांत गुणाची."



मिस्त्रीनं इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. तपासायचा दिवा जोडला. लागला. मग कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक नळी सोडवून तोंडात धरली आणि श्वास ओढला. पाय दाबल्यावर इंजिन ओढतं, तसा. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट कणभर फिरली.

दिवा विझला.

श्वास सोडला. लागला.

ओढला. विझला.

"ही बघ." प्लेटला जोडलेली बोटाएवढी तार. "वरून अख्खी. आत तुटलेली. टोकं नुसती टेकून हायेत. जरा ओढ बसली की सुटतात."

"कधी तुटली असंल?" जमनाबाईंनी विचारलं. या वेळी चिंतूला नाही.

"एकदम नाय तुटत. एकेक धागा जातो. कळत नाय."

"जोडता येते?"

"जोड टिकत नाय. नवी टाकायची."

नवी मऊ तार. कथलाचा डाग दिला, फुंकर मारली. पुन्हा नळी तोंडात, पुन्हा श्वास. दिवा लागलेलाच राहिला.

"आता नाय थांबायची नवरी."

"तरी उद्या गाडीसोबत माणूस लागंल," जमनाबाई म्हणाल्या.

"चिंतू हाय की."

"चिंतू नको."

"घ्या! लागल्या लागल्या सुट्टी," चिंतू पुटपुटला.

मिस्त्री हात पुसत राहिला. चिंधी काळी, हात काळे.

"मांडवात मी असा? ग्रीसचा?"

"आंघोळ करून या."

"नवरी काय म्हणंल?"

"तिनंच धाडलंय."

त्यानं बॉनेट खाली केलं. दोन्ही हातांनी, आवाज न करता.

"येतो," म्हणाला.

परतताना पाम गावाच्या अलीकडे चढावर चिंतूनं मुद्दाम पाय दाबला. गाडी सरळ वर.

"मानलं मिस्त्रीला! गॅरेजला पाटीपण नाय. बाय, नाव काय त्याचं? उद्या मांडवात हाक काय मारू?"

जमनाबाईंनी डोक्यावर पदर ओढला.

"मी कसं घेऊ रे त्यांचं नाव? शकूला विचार. उद्यापर्यंत तिच्या नावापुढं तेच लागतंय."