पायी माणसाचा पल्ला

रेडिओच्या दुकानात मास्तरांची बायको एकटीच आलेली पाहून दुकानदार चाट पडला. मास्तरांच्या वायरलेसला तिने जन्मभर सवत म्हणून नाकं मुरडली होती, आणि आज ती वायरलेसवर बोलण्याचा स्वतःचा कोरा करकरीत परवाना दाखवून गाडीवर बसवायला अँटेना मागत होती.

"हा उंच घ्या, वहिनी. डोंगरापलीकडचंही ऐकू येईल."

"नको. आमच्या पार्किंगचं छत बुटकं आहे, आणि दर वेळी काढत-घालत बसायला मला वेळ नसतो. तो वीतभर द्या."

"अहो, त्याचा पल्ला तो केवढा! मास्तर हसतील मला."

"पायी माणूस जाईल तेवढा पुरे."

दुकानदाराला काही उमगेना. ती अँटेनाच्या बुडाचं चुंबक चाचपत राहिली.

"हल्ली दार उघडं दिसलं की निघतात. परतीची वाट आठवत नाही. फोन घरीच राहतो, पण खिशातला छोटा वायरलेस विसरत नाहीत. मी गाडी घेऊन पोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवलं, तरच एका जागी थांबतात."

"तुमच्या हाकेला ओ देतात, हे काय थोडं आहे, वहिनी?" त्याने धीर दिला.

"नावाने मारलेल्या हाकेला नाही देत. त्यांच्या परवान्यावरचा अक्षर-आकड्यांचा कॉलसाइन पुकारला की मात्र लगेच देतात. आवाज अगदी स्वच्छ येतोय, म्हणतात. मग अदबीने विचारतात, आपलं नाव काय, कुठून बोलताय?"