मागचे पाटे

चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापूर-अक्कलकोट खासगी गाडीवर चनमल्लप्पा ड्रायव्हर होता. मागच्या चाकावरचे, गाडीचा भार पेलणारे कमानपाटे चिरलेत, हे मालकाला सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती. “चालतीया न्हवं? मग चालव की,” हे उत्तर ठरलेलं. पण परवा वळणावर गाडी एका अंगाला कलली, बायाबापड्या किंचाळल्या. तेव्हा कुठं मालक म्हणाला, “बदलून देतो बाबा.”

आज पाटे बदललेली गाडी झोकात आली. कितीतरी दिवसांनी चनमल्लप्पाचे खांदे सैल पडले होते. सोलापुरात सात रस्ता चौकात त्याच मालकाची दुसरी गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हर सोमलिंग मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता.

“काय झालं रं?”

“काल मिस्त्री माझे पाटे काढून घेऊन गेला, अण्णा. त्या जागी कुटल्या तरी गाडीचे चिरलेले बसवलेत. मालकाला बोललो, तर हसला.”

चनमल्लप्पानं मागं वळून आपल्या गाडीच्या पाट्यांकडं पाहिलं. दोन्ही गाड्या माणसांनी अर्ध्यामुर्ध्या भरल्या होत्या.

“तुजी माणसं माज्या गाडीत घाल,” तो थकल्या आवाजात म्हणाला, “आन् ही गाडी तू ने. तुजी हितंच ऱ्हाऊ दे. मी बसतो तिच्याम्होरं, मालक आला तरी हलू द्यायचो न्हाई.”