देवाकडे पाठ

लग्नानंतर बारा वर्षांनी नणंदेला मुलगी झाली होती आणि आज ती बाळाला घेऊन यायची होती. घरात नुसती धमाल उडाली होती. नव्या सुनेच्या हातचा पहिला नैवेद्यही आजच होता.

"देवाआधी चाखायचं नाही. आणि वाटी ठेवली की पाठ फिरवायची," सासूबाईंनी बजावलं.

दोघी पाठ करून हात जोडून उभ्या राहिल्या, तोच सुनेला आठवलं. खिरीत साखर घालायचीच राहिली होती!

इतक्यात मागे चमचा वाजला. वाटीतली खीर कुणीतरी सावकाश ढवळत होतं. देवघरात तर त्या दोघीच होत्या.

आवाज थांबल्यावर सासूबाईंनी वळून खीर चाखली. "वा! काय गोड झालीय गं!"

"पण आई, मी साखर घातलीच नव्हती."

सासूबाईंना हसू आवरेना. "माझीही पहिल्या दिवशी राहिली होती!"

सूनही खळखळून हसली. तेवढ्यात दारात गाडी थांबली. देवघराचं दार ओढून घेत दोघी बाहेर धावल्या.

उंबऱ्यातच बाळाने भोकाड पसरलं. तेव्हा बंद दाराआडून कुणीतरी हळूच अंगाई गुणगुणू लागलं, आणि बाळ त्या दाराकडे बघून हसलं.